विंचवाचं बिऱ्हाड चार चाकांवर



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे मोटारीतून भटकण्याचं काय काढलं? लढाया, तह, चळवळी सोडून पंक्चर आणि रेडिएटर? तर हो, आज पंक्चर आणि रेडिएटरच. शेवटी आपण चळवळींपर्यंतही पोहोचणार आहोत, पण जायचं ते याच रस्त्याने.

मोटरहोम म्हणजे काय ते आधी बघू. मराठी माणसाने ही वस्तू पाहिलेली असते ती बहुतेक करून चित्रीकरणाच्या जागी उभ्या असलेल्या व्हॅनिटी व्हॅनच्या रूपात. आत पलंग, आरसा, मोरी, पंखा. त्यात भर म्हणून एक शेगडी आणि चार भांडी ठेवा, आणि गाडी एका जागी उभी न ठेवता गावोगाव न्या, की झालं मोटरहोम. आपल्याकडे २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांतून थोडाफार फिरला. पण या गाडीची जन्मकथा अमेरिकेची आहे, आणि आपण आज मुख्यतः तिथेच राहणार आहोत.

आपल्याकडे म्हणतात ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ज्याचं घर त्याच्याबरोबर, त्याला कुणाची पर्वा नाही. मोटरहोमच्या जाहिराती आजही हेच सांगतात: कुणावर अवलंबून राहू नका, मन मानेल तिथे थांबा. आम्ही या प्रवासांची वर्णनं वाचली तेव्हा मात्र आम्हाला दर पानावर याच्या उलट दिसलं. घर बरोबर घेऊन निघालेला माणूस सगळ्यात जास्त परस्वाधीन असतो. म्हणून या इतिहासाला आम्ही तीनच प्रश्न विचारतो. वाटेत मोडलं काय? ते दुरुस्त कोणी केलं? आणि दुरुस्त होईपर्यंत थांबायला जागा कोणी दिली?

मोटारीच्या आधीचं एक उदाहरण पटकन सांगून पुढे जाऊ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे ब्रिटिश आरमारातले निवृत्त डॉक्टर होते. त्यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून 'वाँडरर' नावाची घोडागाडी बांधून घेतली. निव्वळ हौसेने फिरण्यासाठी बांधलेलं हे पहिलं चाकांवरचं घर मानतात. वजन जवळपास दोन टन, ओढायला दोन घोडे. स्टेबल्स आपल्याला 'सभ्य जिप्सी' म्हणवून घेत, पण त्यांच्या दिमतीला एक गाडीवान होता आणि एक नोकर. नोकराचं काम काय, तर तीन चाकी सायकलवरून पुढे जायचं, समोरच्या वाहनांना सावध करायचं आणि मुक्कामाला जागा शोधायची. स्वच्छंदी माणसाच्या पुढे नोकर सायकल मारत चाललाय, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

आता अमेरिका. १९०३ साल, मे महिना, सॅन फ्रान्सिस्कोतला युनिव्हर्सिटी क्लब. तिथे गप्पा चालल्यात, की मोटार हे श्रीमंतांचं खेळणं आहे, ती काही देश ओलांडून जाऊ शकणार नाही. तिथे होरेशिओ नेल्सन जॅक्सन हा ३१ वर्षांचा डॉक्टर बसलेला आहे. राहणारा पूर्वेच्या व्हरमाँट राज्यातला, बायको श्रीमंत घरातली. तो म्हणाला, नव्वद दिवसांत मी न्यूयॉर्क गाठून दाखवतो. पैज लागली पन्नास डॉलरची! या माणसाकडे स्वतःची मोटार नव्हती, हे विशेष. त्याने चारच दिवसांत जुनी विंटन गाडी विकत घेतली. दोन सिलिंडर, २० अश्वशक्ती, वर टप नाही, पुढे काच नाही. आपल्या राज्यावरून तिचं नाव ठेवलं 'व्हरमाँट'. बायको आगगाडीने घरी गेली, आणि हा २३ मे रोजी निघाला.

बरोबर घेतला सूअल क्रॉकर. वय २२, धंदा इंजिनं दुरुस्त करण्याचा. पुस्तकांत नाव जॅक्सनचं मोठं असतं. आमच्या मते हा प्रवास निम्म्याहून अधिक क्रॉकरचा आहे, आणि तो का, ते आता दिसेलच.

गाडीत काय काय भरलं होतं? झोपायच्या पिशव्या, घोंगड्या, पाण्याच्या पखाली, कुऱ्हाड, फावडं, हत्यारं, पेट्रोलचे आणि तेलाचे डबे, कॅमेरा, बंदुका. शिवाय दोरखंड आणि कप्पी. हे आरामाच्या प्रवासाचं सामान नाही, उघड्यावर संसार करायचं सामान आहे. आणि कप्पी सगळ्यात महत्त्वाची. गाडी चिखलात रुतली की दोरखंड झाडाला बांधायचा आणि गाडीने स्वतःला ओढून काढायचं. हे त्यांना असंख्य वेळा करावं लागलं.

रस्त्यांची स्थिती सांगायला हवी. अमेरिकेत रस्त्यांची पहिली देशव्यापी गणना १९०४ ची. तिच्यात गावांबाहेरचे रस्ते भरले २१ लाख मैलांहून जास्त, आणि त्यातले खडी वगैरे घालून सुधारलेले फक्त सात टक्के. बाकी सगळी गाडीवाट. त्यातून नेवाडाच्या वाळूत खुद्द विंटन कंपनीच्या मालकाची गाडी १९०१ मध्ये रुतून बसली होती. त्याला मोहीम सोडून द्यावी लागली होती. म्हणून जॅक्सनने वळसा घेतला: उत्तरेला ओरेगन, मग आयडाहो, मग वायोमिंग.

पहिल्या पंधरा मैलांतच टायर फुटलं. जवळ जादा टायर एकच होतं, ते तिथेच खर्ची पडलं. खडखडाटात स्वयंपाकाची भांडी पडत गेली आणि इंजिनाच्या आवाजात पत्ताच लागला नाही. बिऱ्हाडातलं स्वयंपाकघर असं पहिल्या काही दिवसांतच रस्त्यावर सांडलं!

जरा थांबून एक गंमत सांगू. जादा चाकाला आपण मराठीत काय म्हणतो? स्टेपनी. हा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये मोटारीला लावायचं तयार जादा चाक बाजारात आणलं. त्याआधीच्या गाड्या जादा चाक न घेताच विकल्या जात. इंग्रज हा शब्द केव्हाच विसरले, पण आपल्याकडे गावोगावच्या टायरवाल्याने तो सांभाळून ठेवलाय. जॅक्सन एक वर्ष आधी निघाला म्हणायचा.

मग टायर नसताना त्यांनी केलं काय? चाकाला जाड दोर गुंडाळला आणि तसेच निघाले. तारा करून टायर मागवले. अल्टुरस गावी ते येतील म्हणून वाट पाहिली, आले नाहीत, तसेच पुढे गेले. ओरेगनात इंधन गळून गेलं, तेव्हा क्रॉकरने भाड्याने सायकल घेतली आणि पंचवीसेक मैलांवरच्या बर्न्स गावी गेला. वाटेत सायकलही पंक्चर झाली. गाडी बंद पडली तेव्हा एका गुराख्याने फास टाकून घोड्याने ती ओढत नेली. पुढे चाकाचं बेअरिंग गेलं. क्रॉकरने एका शेतकऱ्याची मनधरणी केली आणि त्याच्या गवत कापायच्या यंत्रातल्या गोळ्या काढून घेऊन इकडे बसवल्या. त्या शेतकऱ्याचं त्या मोसमातलं गवत कोणी कापलं, हे कोणत्याही प्रवासवर्णनात लिहिलेलं नाही.

रॉलिन्स गावाजवळ तर इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि क्रँककेस फोडून बाहेर आला. ही दुरुस्ती दोर गुंडाळून होणारी नव्हती. क्लीव्हलंडच्या कारखान्याला तार केली आणि सुटे भाग येईपर्यंत पाच दिवस बसून राहिले. भाग आले कशाने? आगगाडीने! मोटार आगगाडीपासून माणसाला मोकळं करणार, असं पुढे पन्नास वर्षं सांगितलं गेलं. पण ती पहिली मोटार देशापार गेली ती आगगाडीच्या मालडब्यांच्या आणि तारखात्याच्या जिवावर. रुळांपासून फार लांब जायची तिची हिंमतच नव्हती.

प्रेक्षणीय स्थळांचं म्हणाल, तर या प्रवासात प्रेक्षणीय स्थळ ती गाडीच होती. गावोगाव लोक पाहायला जमत. कॅलिफोर्नियात एका बाईला मेरीसव्हिलची वाट विचारली, तिने भलतीकडे पाठवलं. मैलोगणती जाऊन पाहतात तर पुढे रस्ता बंद. परत येऊन जाब विचारला तर ती म्हणाली, तिकडे माझ्या माहेरची माणसं राहतात, त्यांनी मोटार कधी बघितली नव्हती. ही हकिगत जॅक्सनच सांगत असे. आम्हाला या बाईचा राग येत नाही. फुकटात तेवढंच.

आयडाहोत त्यांनी १५ डॉलर देऊन एक बुलडॉग घेतला, नाव बड. वाटेतल्या खारट धुळीने त्याचे डोळे चुरचुरायला लागले, म्हणून त्यालाही गॉगल चढवला. अमेरिकेतली मुलं हा प्रवास या कुत्र्यामुळे लक्षात ठेवतात. असो. २६ जुलैच्या पहाटे गाडी न्यूयॉर्कला पोहोचली. ६३ दिवस, साडेबारा तास. खर्च सुमारे आठ हजार डॉलर, आणि पैजेचे पन्नास जॅक्सनने कधी मागितलेच नाहीत. तिथून घरी परतताना गाडी पुन्हा बंद पडली. मदतीला आलेल्या भावांच्या दोन गाड्याही बंद पडल्या, आणि अखेर याच गाडीने त्या दोन्ही ओढत नेल्या. घराच्या दारात तिची साखळी तुटली ती तुटलीच. ही गाडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, शेजारी गॉगलवाल्या बडचा पुतळाही आहे.

सहा वर्षांनी, ९ जून १९०९ रोजी, न्यूयॉर्कहून उलट दिशेने एक बाई निघाली: अ‍ॅलिस रॅम्झी, वय २२, राहणार न्यू जर्सीतलं हॅकेन्सॅक. हे गाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. बरोबर तीन मैत्रिणी, तिघींपैकी एकीलाही मोटार चालवता येत नव्हती. म्हणजे ५९ दिवस चालक तीच आणि मिस्त्रीही तीच. तिने अकरा वेळा टायर बदलले, प्लग काढून साफ केले. एकदा रेडिएटर कोरडा पडला, तर बरोबरच्या बायकांनी दात घासायचे ब्रश ठेवायची काचेची भांडी काढली आणि रस्त्याकडेच्या चरातून थोडं थोडं पाणी आणून ओतलं. त्या काळी रस्त्यांना पाट्या नव्हत्या. वाटाड्या पुस्तकं मिळत, त्यांत लिहिलेलं असे की अमुक पिवळ्या घराशी डावीकडे वळा. रॅम्झीला ते पिवळं घर काही केल्या सापडेना. कारण काय, तर घरमालक घोडेवाला, मोटारींचा विरोधक. त्याने घराला हिरवा रंग देऊन टाकला होता! रस्ता सांगणाऱ्याची मर्जी ही रस्त्याइतकीच महत्त्वाची असते. आपण पुन्हा याच मुद्द्यावर येणार आहोत.

आता खऱ्या अर्थाने घर असलेली गाडी. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पनामा कालव्याच्या निमित्ताने मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. ते पाहायला न्यूयॉर्कजवळच्या हंटिंग्टनहून रोलंड कॉन्कलिन हे सहकुटुंब निघाले. त्यांची स्वतःची बस बनवणारी कंपनी होती, तेव्हा गाडी घरचीच. तिचं नाव 'जिप्सी व्हॅन'. लांबी २५ फूट, वजन आठ टन. आत झोपायच्या जागा, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि छतावर बसायला बाग. आठ टनांचं धूड त्या काळच्या लाकडी पुलांवरून न्यायचं, म्हणजे पूल आधी तपासायचा आणि टेकू द्यायचा. जितकं घर मोठं, तितकी दुसऱ्याच्या पुलावरची भिस्त मोठी.

त्याच प्रदर्शनात थॉमस एडिसन, हेन्री फोर्ड आणि टायरवाले हार्वी फायरस्टोन भेटले. निसर्गलेखक जॉन बरोज यांची फोर्डशी आधीच मैत्री होती. फोर्डने त्यांना १९१३ मध्ये मॉडेल टी भेट दिली होती, कारण बरोज मोटारींच्या विरुद्ध लिहीत. (लेखकाला गप्प करायची ही पद्धत नवी नाही.) या मंडळींनी पुढे जवळजवळ दर उन्हाळ्यात मोटारींचा तांडा घेऊन रानात मुक्काम करायचा परिपाठ ठेवला. स्वतःला ते 'व्हॅगबाँड्ज' म्हणवत, म्हणजे भटके.

१९१८ चा त्यांचा प्रवास आम्हाला सगळ्यात बोलका वाटतो. पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, शेनन्डोआचं खोरं, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना. वाटेत जुनी पाणचक्की दिसली की फोर्ड थांबणार, प्रवाहाला जोर किती, यातून वीज किती निघेल, याची चर्चा होणार. वेस्ट व्हर्जिनियातल्या लेडमाइन गावच्या चक्कीच्या भल्या मोठ्या चाकावर हे सगळे चढून बसलेत, असं छायाचित्र प्रसिद्ध आहे. देशातले दोन सगळ्यात मोठे कारखानदार, सगळ्यात मोठा संशोधक आणि ऐंशी गाठलेला पांढऱ्या दाढीचा लेखक.

याच प्रवासात कॉनेल्सव्हिल गावाजवळ त्यांची पॅकार्ड गाडी बिघडली. पंख्याचं पातं तुटून रेडिएटरमध्ये घुसलं. गावातल्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले, हे इथे होणार नाही म्हणाले. मग फोर्डने कोट काढला आणि स्वतः दुरुस्ती केली. पॅकार्ड ही फोर्डच्या प्रतिस्पर्ध्याची गाडी, बरं का! फोर्डला या प्रसंगाचा भारी आनंद झाला असणार. तोवर त्याच्या कारखान्यात माणसं चालत्या पट्ट्यासमोर उभी राहून दिवसभर एकच नट आवळत होती. पूर्ण गाडी समजणारा मिस्त्री फोर्डला आपल्या कारखान्यात नको होता. तो आनंद त्याने सुट्टीसाठी स्वतःकडे ठेवला होता.

पुढच्या वर्षी, १९१९ ला, तांडा आणखी वाढला. खास बांधून घेतलेली स्वयंपाकाची गाडी आली. तिच्यात पेट्रोलवरची शेगडी, बर्फाचं कपाट, आणि पगारी आचारी. दुसऱ्या गाडीत तंबू, खाटा, खुर्च्या. दिव्यांना वीज एडिसनच्या बॅटऱ्यांची. जेवायला मोठं गोल टेबल, मध्ये फिरती चकती, म्हणजे वाढप्याची गरज नाही. १९२१ मध्ये मेरीलँडच्या मुक्कामाला राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग येऊन राहिले. बातमीदार आणि छायाचित्रकार मागे असतच, फोर्डची स्वतःची चित्रपट काढणारी मंडळीही असत. शेवटी एवढी गर्दी व्हायला लागली की १९२४ नंतर त्यांनी हा उद्योग बंद केला. मात्र तोवर लाखो अमेरिकनांनी सिनेमागृहात बसून पाहिलं होतं, की मोठी माणसं सुट्टीत मोटार घेऊन रानात जातात. आणि मॉडेल टी तोवर कारकुनाच्याही आवाक्यात आली होती.

तेव्हा लोक निघाले. फोर्डसारखी बर्फाची कपाटं त्यांच्याकडे कुठली? मागच्या सीटवर गाद्या, बाजूला बांधलेला तंबू, आणि जेवण डब्यातलं. १९१९ मध्ये फ्लॉरिडातल्या टँपा गावच्या डी सोटो पार्कमध्ये अशा लोकांनी आपली संघटना काढली, नाव 'टिन कॅन टूरिस्ट्स'. खूण काय, तर रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा. रस्त्यात असा डबेवाला अडकलेला दिसला की दुसऱ्या डबेवाल्याने थांबायचं आणि मदत करायची, अशी रीत होती. आम्हाला हे लोक आवडतात. त्यांना क्रॉकर न घेता प्रवास करायचा होता, आणि त्यावर त्यांनी काढलेला तोडगा होता एकमेकांचा क्रॉकर होणं.

इथपर्यंतची कथा सगळे सांगतात. अमेरिकेत यावर संग्रहालयं आहेत, माहितीपट आहेत. पण आपला तिसरा प्रश्न अजून बाकी आहे. थांबायला जागा कोणी दिली? आत्तापर्यंतच्या सगळ्या प्रवाशांना ती कोणी ना कोणी दिली. गुराख्याने गाडी ओढली, शेतकऱ्याने बेअरिंग दिलं, बंद पडलेल्या गावात पाच दिवस खोली मिळाली. हे सगळे प्रवासी गोरे होते, म्हणून हे घडलं.

त्याच काळात काळ्या अमेरिकनांच्या हातीही मोटार येत होती. दक्षिणेतल्या आगगाड्यांमध्ये त्यांना वेगळ्या, वाईट डब्यात बसवत. बसमध्ये मागे. स्वतःची मोटार म्हणजे त्या अपमानातून सुटका. पण गाडी कधीतरी थांबणारच. पेट्रोल संपणार, टायर फुटणार, मुलाला शौचाला लागणार, रात्र होणार. हॉटेल खोली देत नसे, खानावळ जेवण देत नसे. पेट्रोल विकणाराही शौचालय वापरू देईलच असं नाही. आणि काही गावांची ख्यातीच अशी होती की सूर्य मावळल्यावर काळा माणूस हद्दीत दिसता कामा नये. अशा गावाबाहेर दिवेलागणीला रेडिएटर फुटला तर काय करायचं? जॅक्सनच्या दृष्टीने जी गंमत होती, तीच वस्तू इथे जिवावरची होती.

म्हणून या कुटुंबांच्या गाडीत काय भरलेलं असे ते ऐका. घोंगड्या, उशा, दोन दिवसांचं जेवण, पाणी, पेट्रोलचा जादा डबा, सुटे भाग, आणि शौचासाठी एक डबा. यादी जवळजवळ जॅक्सनचीच आहे. ही मोटार म्हणजे चाकांवरचं घरच होतं, पण ते हौसेने केलेलं नव्हतं. काही जण तर शोफरची टोपी जवळ बाळगत. पोलिसाने अडवलं की डोक्यावर चढवायची आणि सांगायचं, गाडी साहेबांची आहे, मी पोहोचवायला चाललोय. स्वतःच्या गाडीचा मालक असल्याचं लपवावं लागे.

आता हॅकेन्सॅक. अ‍ॅलिस रॅम्झीच्या त्याच गावात व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचे गृहस्थ पोस्टमन होते. राहायचे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. त्यांनी १९३६ मध्ये एक छोटं पुस्तक काढलं, 'द नीग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक'. सुरुवातीला न्यूयॉर्क परिसरापुरतं, मग देशभराचं. त्यात पत्ते होते: काळ्या प्रवाशाला कोणतं हॉटेल घेईल, कुठे जेवण मिळेल, कुठला न्हावी केस कापेल, कोणतं गॅरेज गाडी दुरुस्त करेल. जिथे हॉटेल नसे तिथे एखाद्या कुटुंबाचं घर, रात्रीपुरती खोली. माहिती गोळा झाली ती टपालखात्यातल्या ओळखींतून आणि वाचकांच्या पत्रांतून. घरोघर टपाल टाकणाऱ्या माणसाहून हे जास्त कोणाला कळणार? एसो कंपनीच्या पेट्रोल पंपांवर हे पुस्तक मिळायचं. रॅम्झीच्या पुस्तकात पिवळं घर दिसलं की डावीकडे वळा असं होतं. ग्रीन यांच्या पुस्तकात कुठे थांबलात तर दार उघडेल, ते होतं.

प्रेक्षणीय स्थळांचंही तसंच. ज्या शेनन्डोआच्या परिसरातून १९१८ मध्ये फोर्डचा तांडा मजेत गेला, तिथे १९३० च्या दशकात राष्ट्रीय उद्यान झालं. उद्यान सरकारी, सगळ्या जनतेचं. पण काळ्या लोकांच्या मुक्कामासाठी तिथे लुइस माउंटन नावाची वेगळी जागा आखून दिली होती, आणि ही विभागणी दुसऱ्या महायुद्धानंतरही काही काळ टिकली.

हे ऐकताना तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आपल्याकडची एक हकिगत आली असेल, आणि ती यायलाच हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात १९३४ चा एक प्रवास आहे. चळवळीतले सुमारे तीस सहकारी, बस करून वेरूळची लेणी पाहायला निघाले. म्हणजे निव्वळ सहल. वाट निजामाच्या राज्यातून जाणारी. या मंडळींनी प्रवास गुप्त ठेवला होता. कारण आडगावी अस्पृश्य प्रवाशाला काय भोगावं लागतं हे त्यांना माहीत होतं. जिथे मुक्काम करायचा, तेवढ्याच ठिकाणच्या आपल्या लोकांना आधी कळवून ठेवलं होतं. म्हणजे न छापलेलं ग्रीन बुकच ते! आणि हे ग्रीन यांचं पुस्तक निघण्याच्या दोन वर्षं आधी.

दौलताबादला आपली माणसं वाट पाहत होती. आधी चहा घ्या म्हणाली. पण अंधार पडायच्या आत किल्ला बघायचा, म्हणून ही मंडळी तशीच गडाकडे गेली. प्रवासाच्या धुळीने अंग माखलेलं. दरवाज्याजवळ पाण्याने काठोकाठ भरलेलं टाकं होतं, तिथे काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले, की यांनी पाणी बाटवलं. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर यायची वेळ आली. अखेर किल्ला पाहू दिला तो एका अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ते पाहायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला तो हे दाखवण्यासाठी, की हिंदूंच्या लेखी जो अस्पृश्य, तो मुसलमानाच्या लेखीही अस्पृश्यच ठरतो. आमच्या आजच्या विषयाच्या बाजूने पाहिलं तर त्यात एवढं आणखी दिसतं, की बस स्वतः ठरवलेली होती, वाट आपली होती, वेळ आपली होती, तरी उतरल्यावर हात धुवायला पाणी आपलं नव्हतं.

परत अमेरिकेत येऊन संपवू. १९५६ च्या कायद्याने तिथे आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं, रस्त्यांचा जुना प्रश्न मिटत गेला. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा आला. हॉटेलाने, खानावळीने, पेट्रोल पंपाने वर्णावरून माणसाला हाकलणं बेकायदा ठरलं. ग्रीन यांनी आपल्या पुस्तकात आधीच लिहून ठेवलं होतं, की एक दिवस असं पुस्तक छापायची गरज उरणार नाही. तो कायदा पाहायला ते नव्हते, १९६० मध्येच वारले. पुस्तकाची शेवटची आवृत्ती निघाली १९६६-६७ ची, आणि तिच्या नावातून 'नीग्रो' हा शब्द आधीच गळलेला होता.

त्याच १९६६ मध्ये आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी गावी विनेबेगो कंपनीने कारखान्यात ओळीने मोटरहोम बांधायला सुरुवात केली. पलंग, शेगडी, न्हाणीघर, शौचालय, सगळं आत. कंपनीने नाव घेतलं ते आपल्या जिल्ह्याचं, आणि जिल्ह्याचं नाव पडलं होतं ते एकोणिसाव्या शतकात सरकारने पुन्हा पुन्हा बिऱ्हाड उचलायला लावलेल्या मूळ रहिवाशांवरून. त्यांच्यावर आज बोलायला वेळ नाही. प्रश्न असतील तर विचारा.